मान वर करून पाहा : फोर्टातील एक पायी फेरी

मुंबईतल्या आपल्या माणसांना फोर्ट काही नवा नाही. कोणी तिथल्या बँकेत शिपाई आहे, कोणी सरकारी कचेरीत लिपिक, कोणी पालिकेच्या सफाई खात्यात, तर कोणाला कोर्टाच्या तारखांसाठी खेटे घालावे लागतात. सकाळी व्ही.टी.ला आणि चर्चगेटला गाड्या रिकाम्या होतात आणि सारेजण घड्याळाकडे पाहत धावत सुटतात. पूर्वी मस्टर होते, आता अंगठ्याचे यंत्र आहे. लेटमार्कची भीती मात्र तीच. अशा धावपळीत चौकात कोण उभे आहे आणि इमारतीच्या माथ्यावर काय कोरले आहे, हे पाहायला सवड कुणाला असणार?

पण वाचकहो, क्रॉफर्ड मार्केटपासून काळा घोड्यापर्यंतचा हा सुमारे तीन किलोमीटरचा पट्टा म्हणजे एक मोठे उघडे कलादालन आहे. त्याला तिकीट नाही, दारावर पहारेकरी नाही, "काय काम आहे?" असे विचारणारा कोणी नाही. पुतळे, कारंजी, कोरीव दगड, मशाल, घोडा, सारे काही रस्त्यावर आहे आणि रस्ता सर्वांचा आहे.

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी आमच्या वस्तीतील एकवीस जण मिळून आम्ही हे दालन पायी पाहिले. त्यात महिला मंडळाच्या सात भगिनी होत्या, उमेदीची वर्षे गिरणीत घालवलेले तीन काका होते, गवंडीकाम करणारा एक तरुण होता आणि बाकी शाळा-कॉलेजची मुले होती. जमाखर्चाची सवय असल्यामुळे आम्ही मुलांच्या वहीत तीन रकाने आखून दिले. पहिला रकाना : हे शिल्प कोणाचे? दुसरा : पैसे कोणी दिले? तिसरा : घडवले कोणी? प्रत्येक थांब्यावर हे तीन प्रश्न दगडाला विचारायचे, फलक वाचायचे आणि मिळेल ते उत्तर लिहायचे, एवढाच नियम.

मंडईच्या दारातला शेतकरी

व्ही.टी.ला उतरून उत्तरेकडे दहा मिनिटे चालले की क्रॉफर्ड मार्केट लागते. आज त्याचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. ही इमारत १८६९ साली पुरी झाली. विल्यम इमर्सन हा तिचा वास्तुरचनाकार. फळे, मसाले आणि पाखरे यांच्या या बाजारात आपण पिशवी सांभाळत शिरतो, पण शिरण्याआधी दाराच्या कमानीवर पाहावे. तिथे दगडात उठावाची शिल्पे आहेत आणि त्यांत शेतात राबणारी माणसे आहेत. राजा नाही, साहेब नाही. पीक काढणारा हिंदुस्थानी शेतकरी आहे.

ही शिल्पे लॉकवुड किपलिंग या इंग्रज कलाशिक्षकाची. ते १८६५ साली मुंबईत आले आणि समोरच्याच सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेत, म्हणजे आपल्या जे.जे.मध्ये, शिल्पकला शिकवू लागले. ही शाळा १८५७ सालची. तिच्यातूनच पुढे गणपतराव म्हात्रे यांच्यासारखे मराठी शिल्पकार घडले. फोर्टातील बऱ्याच इमारतींवरचे कोरीव काम या शाळेतील विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. म्हणून ही फेरी इथूनच सुरू करावी, असे आम्ही ठरवले होते.

मंडईच्या दारात आमचे गवंडी मित्र बराच वेळ थांबले. त्यांनी मुलांना समजावले की उठावाचे काम म्हणजे दगडातून नको तेवढे काढून टाकायचे काम. सिमेंटला चुकले तर वरून थापता येते. दगडाला छिन्नी जास्त बसली की गेला तो दगड. मुले त्यानंतर प्रत्येक पान, प्रत्येक बोट निरखून पाहू लागली.

आणखी एक गोष्ट आम्हाला इथे समाधान देऊन गेली. 'शेतकऱ्याचा असूड' लिहून शेतकऱ्याची दैना मांडली ती जोतीरावांनी. त्यांचे नाव आणि राबणाऱ्या शेतकऱ्याचे शिल्प आज एकाच दारात आहे. नाव देणाऱ्यांनी ही जुळणी मनात धरली असो वा नसो, ती झाली आहे खरी.

घुमटावरची बाई

मंडईकडून परत फिरलो की समोर छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. बांधकाम १८७८ ला सुरू झाले, दहा वर्षे चालले आणि सुमारे सोळा लाख रुपये खर्च आला. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स हा रचनाकार. व्हिक्टोरिया राणीचे नाव जाऊन १९९६ साली स्थानकाला शिवाजी महाराजांचे नाव मिळाले, २००४ साली ते जागतिक वारसा यादीत गेले. एवढे पाठ्यपुस्तकातही असते. पण रोज या स्थानकातून जाणाऱ्या कितीजणांनी घुमटावर उभी असलेली बाई पाहिली आहे? तिच्या उजव्या हातात मशाल आहे आणि डाव्या हातात आऱ्यांचे चाक. तिचे नाव 'प्रगती'. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह आहे, तो इंग्लंडचा. दुसऱ्या बाजूला वाघ आहे, तो हिंदुस्थानचा. दर्शनी भिंतीवर रेल्वे कंपनीच्या संचालकांचे चेहरे आहेत, त्यांत नाना शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभॉय हेही आहेत. घड्याळाखालच्या कोनाड्यात राणीचा पुतळा होता. स्वातंत्र्यानंतर तो काढला गेला. कोनाडा आहे, राणी नाही.

कमानींच्या आसपास नजर फिरवली की मोर, माकड, घुबड, खारी, पानेफुले यांची जत्रा दिसते. जे.जे.च्या विद्यार्थ्यांनी कोरलेली ही जत्रा. मुलांनी मोजायला सुरुवात केली आणि आकड्यावरून भांडणही केले.

गिरणीतील एक काका घुमटाकडे बघत म्हणाले, "प्रगतीबाईच्या हातात चाक दिलं खरं, पण चाक फिरवणारे कुठं आहेत?" संचालकांचे चेहरे दगडात आले. रूळ टाकणारे, बोगदे खोदणारे, दगड वाहणारे हजारो हात मात्र या भिंतीवर चेहऱ्यानिशी नाहीत. मुलांच्या वहीतील तिसऱ्या रकान्यात 'स्टीव्हन्स' आणि 'जे.जे.चे विद्यार्थी' एवढेच आले.

समोर रस्ता ओलांडला की महापालिकेची इमारत. तीही स्टीव्हन्सचीच, १८९३ सालची. तिच्या माथ्यावर पंख पसरलेली एक बाई उभी आहे. ती म्हणजे मुंबई नगरी, हिंदुस्थानातील पहिले शहर. खाली दारासमोर फिरोजशहा मेहता यांचा पुतळा आहे. पालिकेचा कारभार लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींच्या हाती यावा म्हणून झटलेला हा पुढारी. आमच्यातील पालिकेच्या एक निवृत्त सफाई कामगार ताई म्हणाल्या, "तीस वर्षं पगार या इमारतीच्या नावानं घेतला, आज ती डोळाभर पाहिली."

कमानींखालचा रस्ता

इथून हुतात्मा चौकापर्यंत दादाभाई नौरोजी रस्ता. रविवारी सकाळी तो शांत असतो. दोन्ही बाजूंच्या इमारतींखालून कमानींचा पदपथ जातो, त्यामुळे उन्हापावसात डोक्याला सावली असते. इमारती वेगवेगळ्या मालकांच्या आणि वेगवेगळ्या थाटाच्या, पण खालच्या कमानींनी त्यांना एका ओळीत उभे केले आहे. याच रस्त्यावर पारशी अग्यारीच्या दारात दोन अजस्र राखणदार आहेत : डोके माणसाचे, धड बैलाचे आणि अंगाला पंख. प्राचीन इराण-इराककडची ही कल्पना पारशी बांधवांनी मुंबईच्या रस्त्यावर आणली. मुले तिथून हलायला तयार नव्हती.

याच रस्त्यावर सिद्धार्थ महाविद्यालय आहे. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९४६ साली हे महाविद्यालय सुरू केले. आनंद भवन आणि बुद्ध भवन ही नावे आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. फेरीतील एका काकांनी गिरणीची पाळी सांभाळून इथेच सकाळच्या वर्गात शिक्षण घेतले होते. त्यांनी हात जोडले आणि मुलांना एवढेच म्हणाले, "फोर्टात आपलं दप्तर ठेवायला ही पहिली जागा."

चौकातील मशाल

रस्ता संपतो तिथे दादाभाई नौरोजी बसलेले आहेत. डोक्यावर पारशी पगडी, चेहरा शांत. हिंदी माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न अवघे वीस रुपये आहे आणि देशाची संपत्ती बाहेर वाहून चालली आहे, हे त्यांनी आकडे मांडून सिद्ध केले. आकड्यांनी लढलेला माणूस म्हणून आमच्यासारख्या वाणिज्य शाखेच्या माणसाला हा पुतळा जवळचा वाटतो. रुपयाचा प्रश्न पुढे १९२३ साली बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात मांडला, तोही आकड्यांच्याच बळावर.

पुढे फ्लोरा फाउंटन. रोमन लोकांची ही फुलांची देवता १८६४ साली इथे आली. आराखडा नॉर्मन शॉ यांचा, शिल्पकार जेम्स फोर्सिथ, दगड इंग्लंडहून आणलेला. एकूण खर्च ४७,००० रुपये, त्यांपैकी २०,००० रुपये करसेटजी फर्दुनजी पारेख या पारशी गृहस्थांनी दिले. मुळात हे कारंजे भायखळ्याच्या राणीच्या बागेसाठी होते. त्याच सुमारास किल्ल्याच्या भिंती पाडल्या गेल्या, जुने चर्चगेट गेले आणि मोकळ्या जागेत कारंजे उभे राहिले. २०१९ साली त्याची मोठी दुरुस्ती पुरी झाली आणि पाणी पुन्हा वाहू लागले.

त्या काळी मुंबईत एवढा पैसा आला कुठून, असे एका मुलाने विचारले. प्रश्न रास्त होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिथला गुलामांनी पिकवलेला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या तेजीने मुंबईचे शेठ गब्बर झाले आणि शहरात इमारती, कारंजी, मनोरे उभे राहू लागले. त्याच युद्धाने अमेरिकेतील गुलामांना मुक्ती दिली. तिथल्या ज्या लोकांनी हे काम केले त्यांना जोतीरावांनी १८७३ साली आपले 'गुलामगिरी' पुस्तक अर्पण केले. एका युद्धातून कोणी नफा घेतला आणि कोणी बोध घेतला, हे या चौकात उभे राहून मुलांना सांगता आले.

कारंज्याच्या शेजारी हुतात्मा स्मारक आहे : शेतकरी आणि कामगार, दोघे मिळून मशाल धरून उभे. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी या परिसरात मोर्चावर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात शंभराहून अधिक जणांनी प्राण दिले, तेव्हा १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. या लढ्याच्या समितीत शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन होते. अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांच्या डफावर हा लढा गावोगाव गेला. गिरणीच्या तिन्ही काकांनी इथे टोप्या काढल्या. एक जण म्हणाले, "मंडईत आपला माणूस दारावर होता. इथं चबुतऱ्यावर आहे."

याच चौकाजवळ एकेकाळी व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा होता. शिल्पकार मॅथ्यू नोबल, साल १८७२, देणगी बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांची. आज तो भायखळ्याच्या भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. त्याच बडोद्याच्या गादीवर पुढे सयाजीराव आले आणि त्यांनी भीमराव नावाच्या एका विद्यार्थ्याला दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. दोन्ही खर्च एकाच खजिन्यातले. कोणत्या रकमेचे व्याज देशाला जास्त मिळाले, हे सांगायला बी.कॉम. व्हावे लागत नाही.

मनोऱ्यावरच्या जाती

चौकातून चर्चगेटच्या दिशेने थोडे जाऊन डावीकडे वळलो की कर्मवीर भाऊराव पाटील मार्ग. उजवीकडे ओव्हल मैदान, डावीकडे उच्च न्यायालय आणि विद्यापीठ. कष्टकऱ्यांच्या मुलांसाठी रयत शिक्षण संस्था उभारणाऱ्या कर्मवीरांचे नाव या रस्त्याला शोभते.

उच्च न्यायालयाची इमारत १८७८ सालची. माथ्यावर न्यायदेवता आणि दयादेवता उभ्या आहेत. सिनेमात असते तशी डोळ्यांवर पट्टी या न्यायदेवतेला नाही. ती उघड्या डोळ्यांनी पाहते. इमारतीच्या आतल्या कोरीव कामात मात्र एक माकड न्यायाधीश होऊन बसले आहे. त्याच्या एका डोळ्यावर पट्टी आणि हातातला तराजू कललेला. एक कोल्हाही आहे, गळ्यात वकिलाचा पांढरा बँड बांधलेला. खटला हरलेल्या कंत्राटदाराने असा सूड उगवला, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट कशीही असो, ज्याचे कोणी ऐकत नाही त्याच्या हातात छिन्नी असली तर तो काय करू शकतो, याची ही साक्ष. कोर्टाच्या पायऱ्या झिजवलेल्या आमच्या मंडळींना ही गोष्ट फार आवडली. याच न्यायालयात बाबासाहेबांनी बॅरिस्टर म्हणून वकिली केली.

शेजारी राजाबाई टॉवर. उंची २८० फूट. गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुरचनाकाराने लंडनला बसून आराखडा केला. पैसे दिले कापसाच्या तेजीतले मोठे सट्टेबाज प्रेमचंद रायचंद यांनी, आणि नाव दिले आपल्या आईचे. बांधकाम १८६९ ते १८७८. दगड कुर्ल्याचा. आई अंध होती आणि तिला जेवणाची वेळ कळावी म्हणून घंटा बसवल्या, असे सांगतात.

या मनोऱ्यावर चोवीस पुतळे आहेत. ते आहेत पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे. कोणाची पगडी अशी, कोणाचा अंगरखा तसा. त्यांचे नमुने घडवले मुकुंद रामचंद्र या एतद्देशीय साहाय्यक अभियंत्याने. मुलांच्या तिसऱ्या रकान्यात इथे प्रथमच एक देशी नाव आले, म्हणून टाळ्या पडल्या.

पण बारावीतल्या एका मुलीने विचारले, "काका, शिकायच्या जागेवर जाती कशाला कोरल्या?" आम्ही तिला सांगितले, मनोऱ्याचे काम चालू होते त्याच काळात, १८७१-७२ साली, इंग्रजांनी देशाची पहिली मोठी खानेसुमारी केली आणि माणसे जातवारीने मोजली. साहेबाच्या डोळ्याला जात ही पोशाखासारखी दिसत होती : नाना रंगांची, नाना तऱ्हेची, पाहायला मौजेची. ती ज्याच्या पाठीवर बसली होती त्याला तिचे वजन ठाऊक होते. दगडात कोरलेली गोष्ट कायमची वाटते. जणू या जाती अशाच होत्या आणि अशाच राहणार.

याच विद्यापीठातून १९१२ साली भीमराव रामजी आंबेडकर बी.ए. झाले. चारच वर्षांनी, ९ मे १९१६ रोजी, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. जात वरून पडलेली नाही. जातीतल्या जातीत लग्नाचे कुंपण घालून माणसांनी ती तयार केली, हे त्यांनी त्यात दाखवून दिले. माणसाने केलेले माणसाला मोडता येते. मनोऱ्यावरचा दगड एक सांगतो आणि त्याच मनोऱ्याच्या सावलीत शिकलेला विद्यार्थी दुसरे सांगतो. मुलीने हे वहीत लिहून घेतले.

कूपरेजचा पुतळा

ओव्हलच्या कडेला झाडाखाली चटण्या-भाकरी सोडून आम्ही पुढे निघालो. मैदान दक्षिणेला संपते तिथे, मादाम कामा मार्गावर, बाबासाहेबांचा पुतळा आहे. शिल्पकार ब्रह्मेश वाघ, साल १९६२. अंगावर कोट, एका हातात ग्रंथ, दुसरा हात पुढे केलेला. दिल्लीला संसदेच्या आवारात १९६७ साली उभा राहिलेला पुतळाही वाघ यांचाच. ही उभे राहण्याची ढब आज देशभर ओळखीची आहे.

इथे कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही. भगिनींनी फुले वाहिली, सर्वांनी त्रिसरण-पंचशील म्हटले. सिग्नलला थांबलेल्या टॅक्सीतून चालकाने हात वर करून "जयभीम" केला, त्याला आम्ही सर्वांनी उत्तर दिले.

तिथे उभे असताना दुसऱ्या रकान्याचा विषय निघाला. फोर्टातील शिल्पांना पैसे मुख्यतः शेठांनी दिले, राजांनी दिले, सरकारने दिले. आपल्या वस्तीतील, गावच्या वेशीवरील निळ्या कोटाच्या पुतळ्याला पैसे कोणी दिले? मजुरीतून बाजूला काढलेल्या वर्गणीने. तो सिमेंटचा असेल, नाक-डोळे हुबेहूब नसतील, शिल्पकाराची सही नसेल. पण सार्वजनिक कला हा शब्द त्याच्याइतका दुसऱ्या कशाला लागू पडतो? ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात अशाच एका पुतळ्याची विटंबना झाली आणि त्यानंतरच्या पोलीस गोळीबारात दहा जणांचे प्राण गेले. पुतळा म्हणजे केवळ दगड-माती, असे सहज म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. आणि आपणही लक्षात ठेवावे की पुतळा उभारण्याइतकेच त्याचा परिसर स्वच्छ ठेवणे आणि मुलांना त्याची माहिती देणे हे आपले काम आहे.

महिला मंडळाच्या अध्यक्षा तेवढ्यात म्हणाल्या, "दादा, सकाळपासून बघतेय. प्रगती बाई, मुंबई बाई, फुलांची देवी बाई, न्याय बाई, दया बाई. पण खरी बाई एक नाही. बाईला देवता झाल्याशिवाय चबुतरा मिळत नाही वाटतं!" आम्ही मोजून पाहिले. आमच्या वाटेवर खरी बाई एकच होती, ती राणी, आणि तिलाही हलवलेले. राजाबाईचे नाव मनोऱ्याला आहे, चेहरा नाही. सावित्रीमाई, माता रमाई, डोक्यावर पाटी घेऊन या इमारतींच्या परातीवर चढलेल्या बाया, यांतले कोणी या वाटेवर भेटले नाही. त्या मुलीने वहीत आपण होऊन चौथा रकाना आखला : इथे कोण नाही? पाहता पाहता तोच रकाना सर्वांत लांब झाला.

स्वार नसलेला घोडा

मादाम कामा मार्गाने विज्ञान संस्थेच्या इमारतीला वळसा घालून महात्मा गांधी मार्गावर आले की काळा घोडा. मूळ पुतळा १८७९ सालचा. प्रिन्स ऑफ वेल्स, म्हणजे पुढचा सातवा एडवर्ड राजा, घोड्यावर बसलेला. शिल्पकार बोहम, देणगी आल्बर्ट ससून यांची. काळसर धातूमुळे लोकांनी त्याला काळा घोडा म्हटले. गंमत पाहा, स्वाराचे नाव कोणाच्या तोंडी बसले नाही, घोड्याचे बसले. १९६५ साली पुतळा भायखळ्याला हलवला गेला, तरी जागेचे नाव तेच राहिले. २०१७ साली इथे नवा काळा घोडा आला. कल्पना आल्फाझ मिलर यांची, शिल्पकार श्रीहरी भोसले. या घोड्यावर कोणीही बसलेले नाही.

समोर एल्फिन्स्टन महाविद्यालयाची इमारत आहे. १९०८ साली भीमराव या महाविद्यालयात दाखल झाले. ते शिकत होते तेव्हा सातवा एडवर्ड प्रत्यक्ष गादीवर होता आणि त्याचा पुतळा या चौकात घोड्यावर होता. परळच्या चाळीतून येणारा विद्यार्थी त्या घोड्यावरून ये-जा करत होता. आज राजा संग्रहालयाच्या आवारात आहे, घोड्याची पाठ मोकळी आहे आणि तो विद्यार्थी पाच-सात मिनिटांच्या अंतरावर हातात ग्रंथ घेऊन उभा आहे. हा बदल कोणी पुतळा फोडून घडवला नाही. ग्रंथ वाचून, कायदा लिहून आणि माणसे जागी करून घडवला.

बाजूला १९५२ सालचे जहांगीर कलादालन आहे. आत जायला पैसे पडत नाहीत. बाहेर फूटपाथवर काही चित्रकार चित्रे मांडून बसले होते. त्यांच्यातील एका तरुणाने आमच्या सर्वांत लहान मुलाचे पेन्सिलचित्र दहा मिनिटांत काढले. मुलाने लगेच वही उघडली आणि विचारले, "दादा, तुमचं नाव सांगा, तिसऱ्या रकान्यात लिहायचंय." तो तरुण आधी हसला, मग त्याने चित्राखाली ठळक सही केली.

जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी

ही फेरी रविवारी सकाळी सातला सुरू करावी, रस्ते मोकळे असतात आणि ऊन नसते. लहान मुलांसह थांबत थांबत चार तास लागतात. पाणी आणि भाकरी बरोबर घ्यावी. स्वच्छतागृहे सुरुवातीला व्ही.टी. स्थानकात आणि शेवटी चर्चगेट स्थानकात मिळतात, त्यामुळे वयस्करांनी तसे ठरवून निघावे. काळा घोड्याहून चर्चगेट पंधरा मिनिटांवर आहे. न्यायालय आणि विद्यापीठ आम्ही बाहेरूनच पाहिले. कोणाकडे छोटी दुर्बीण असेल तर मनोऱ्यावरचे पुतळे नीट दिसतात. खर्च फक्त रेल्वेच्या तिकिटाचा आणि चहाचा.

ठिकठिकाणच्या युवक मंडळांनी, महिला मंडळांनी आणि बुद्धविहारांच्या बालवर्गांनी वर्षातून एकदा तरी अशी फेरी काढावी, अशी आमची विनंती आहे. मुलांच्या हातात वही द्यावी आणि चार रकाने आखून द्यावेत. ज्या शहराचा दगड आपल्या माणसांनी वाहिला, त्या शहरात आपल्या मुलाने खाली मान घालून का चालावे? मान वर केली की आधी घुमट दिसतो, मग घुमटावरची माणसे दिसतात आणि मग, तिथे कोण नाही, तेही दिसू लागते.